मधल्या अक्षराचा घोळ: ‘जेएसएल’ आणि ‘जेएफएल’ यांचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाचे ठिकाण

जपानच्या शिझुओका प्रांतातील हामामात्सु हे कारखान्यांचे शहर आहे. होंडा कंपनीची सुरुवात १९४८ साली इथेच झाली, सुझुकीचे मुख्यालय इथे आहे आणि पियानो बनवणाऱ्या यामाहाचेही इथेच आहे. १९७१ साली स्थापन झालेला होंडा एफसी हा होंडा कंपनीचा फुटबॉल संघ शहराच्या मियाकोदा भागातील मैदानावर खेळतो, आणि ज्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत तो खेळतो तिचे नाव वर्तमानपत्रांत तीनच अक्षरांत छापले जाते: ‘जेएफएल’. जपानमधील इतर कोणत्याही शहरापेक्षा हामामात्सुमध्ये अधिक ब्राझिलियन नागरिक राहतात. त्यांची मुले ज्या सरकारी शाळांत जातात, तिथल्या शिक्षकांच्या टेबलावर ‘जेएसएल’ असे शीर्षक असलेले अभ्यासक्रमाचे कागद असतात. या दुसऱ्या लघुनामाचा फुटबॉलशी काही संबंध नाही, निदान आता तरी नाही.

‘आता’ म्हणायचे कारण असे की १९६५ ते १९९२ या काळात ‘जेएसएल’ म्हणजे जपानची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा होती, आणि होंडाचा हाच संघ १९८०च्या दशकात तिच्या पहिल्या विभागात खेळत होता. उलट बाजूने पाहिले तर ‘जेएफएल’ हे लघुनाम भाषाशिक्षणातही रुळलेले आहे आणि तिथे त्याचा अर्थ सर्वस्वी वेगळा आहे. म्हणजे दोन्ही लघुनामे दोन्ही क्षेत्रांत आहेत, आणि दोन्ही क्षेत्रांत त्यांच्यातला फरक फक्त मधल्या अक्षराचा आहे.

हे जुळले कसे आणि त्यातून खरी गल्लत नेमकी कुठे होते, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. फुटबॉल आणि भाषा यांच्यातील अक्षरसाम्य डोळ्यांत भरते, पण ते जवळजवळ निरुपद्रवी आहे. त्रास होतो तो एकाच क्षेत्रातल्या, एकमेकांना लागून असलेल्या अर्थांमुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन त्या मताच्या आधारासाठी आहे.

मैदानावर: ‘एस’ गेला, ‘एफ’ आला

१९६४च्या टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीसाठी जपानने डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावले होते. ऑलिम्पिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला ३-२ असे हरवले. त्यानंतर क्रामर यांनी जे सल्ले दिले त्यांतला एक असा होता की, वर्षभर नियमित सामने देणारी राष्ट्रीय साखळी स्पर्धा असल्याशिवाय संघ घडणार नाही. त्यातून १९६५ साली आठ संघांची ‘जपान सॉकर लीग’ उभी राहिली. हे आठही संघ कंपन्यांचे होते: हिताची, मित्सुबिशी, फुरुकावा इलेक्ट्रिक, यानमार डिझेल, यावाता स्टील वगैरे. पहिली चारही विजेतेपदे हिरोशिमाच्या टोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदा कंपनीने, मिळवली. खेळाडू कंपनीचे पगारदार नोकर असत आणि फुटबॉल हा त्यांचा अधिकृत पेशा नसे. यानमारच्या कुनिशिगे कामामोतो यांनी या स्पर्धेत २५१ सामन्यांत २०२ गोल केले. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळाले तेव्हा सर्वाधिक सात गोलही त्यांचेच होते.

पुढे ही स्पर्धा मंदावली. १९८६ साली व्यावसायिक खेळाडूंना परवानगी मिळाली. १९९१ साली ब्राझीलचे झिको सुमितोमो मेटल या संघात दाखल झाले, आणि तेव्हा तो संघ जेएसएलच्या दुसऱ्या विभागात होता. विश्वचषक गाजवलेला खेळाडू एका पोलाद कंपनीच्या दुय्यम स्तरावरच्या संघातून खेळतो, यावरून जपानी फुटबॉल त्या वेळी कोणत्या वळणावर उभे होते ते कळते. १९९२ साली जेएसएल बंद झाली. तिच्यातले निवडक नऊ क्लब १९९३ पासून सुरू झालेल्या व्यावसायिक ‘जे लीग’मध्ये गेले आणि मागे राहिलेल्यांसाठी १९९२ सालीच ‘जपान फुटबॉल लीग’ काढण्यात आली. इंग्रजी नावातले ‘सॉकर’ जाऊन ‘फुटबॉल’ आले, लघुनामातल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ आला.

इथपर्यंत कोणाचीही गल्लत होण्याचे कारण नाही, कारण जुने नाव संपले आणि नवे सुरू झाले. घोळ पुढचा आहे. १९९२ साली सुरू झालेली ही जेएफएल १९९८ पर्यंतच चालली आणि तिचे शेवटचे विजेतेपद टोकियो गॅस या संघाला, म्हणजे पुढच्या एफसी टोकियोला, मिळाले. १९९९ साली जे लीगने आपला दुसरा विभाग सुरू केल्यामुळे जुनी स्पर्धा विसर्जित झाली आणि नऊ संघांची एक नवी स्पर्धा या दुसऱ्या विभागाच्या खालच्या स्तरावर उभी करण्यात आली. तिचे इंग्रजी नाव पुन्हा ‘जपान फुटबॉल लीग’ आणि लघुनाम पुन्हा ‘जेएफएल’ असेच राहिले.

जपानी भाषेत मात्र या दोन स्पर्धांची नावे एक नाहीत. पहिलीचे नाव ‘जापान फुत्तोबोरु रीगु’ असे होते, म्हणजे सगळे शब्द इंग्रजीतून उचललेले. दुसरीचे नाव ‘निहोन फुत्तोबोरु रीगु’ आहे. त्यात देशाचे नाव जपानी आहे. जपानी वाचकाला हा फरक पहिल्या शब्दातच दिसतो. दोन्ही नावे इंग्रजीत नेली की तो फरक पुसला जातो, आणि म्हणून जपानी पत्रकारही लघुनाम वापरताना पहिल्या स्पर्धेला ‘क्यू-जेएफएल’, म्हणजे ‘जुनी जेएफएल’, असे लिहितात.

केवळ इतिहासाची आवड असणाऱ्यांनीच लक्ष द्यावे असा हा तपशील नाही. १९९६ साली एखादा संघ जेएफएलचा विजेता ठरला म्हणजे तो देशातील दुसऱ्या स्तरावर पहिला आला. २००२ साली तोच मान मिळाला तर तो तिसऱ्या स्तरावर पहिला आला. २०१४ साली जे लीगचा तिसरा विभाग सुरू झाल्यापासून तेच विजेतेपद चौथ्या स्तराचे ठरते. होंडा एफसीने या तिन्ही वर्षी ही स्पर्धा जिंकली आहे. नुसती ‘तीन वेळा जेएफएल विजेता’ अशी नोंद केली, तर तीन वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या एकाच उंचीच्या दिसू लागतात. भरीस भर म्हणजे २०१६ ते २०१९ अशी सलग चार विजेतेपदे मिळवूनही हा संघ वर गेला नाही, कारण कंपनीचा संघ म्हणूनच राहायचे त्याने ठरवले आहे. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या क्लबांना त्याच्याशी झुंजूनच पुढे जावे लागत असल्यामुळे चाहते त्याला ‘जेएफएलचा द्वारपाल’ म्हणतात. या द्वारपालाची ताकद २०१९च्या सम्राट चषक स्पर्धेत दिसली. तिथे त्याने उरावा रेड्स या बलाढ्य क्लबला २-० असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती.

वर्गात: ‘एस’ आणि ‘एफ’ शेजारी शेजारी

भाषाशिक्षणात ही दोन अक्षरे एकामागून एक आलेली नाहीत. ती एकाच वेळी नांदतात. ‘जेएसएल’ म्हणजे ‘जॅपनीज ॲज अ सेकंड लँग्वेज’, द्वितीय भाषा म्हणून जपानी. ‘जेएफएल’ म्हणजे ‘जॅपनीज ॲज अ फॉरिन लँग्वेज’, परकीय भाषा म्हणून जपानी. स्थूलमानाने भेद असा की, जिथे ती भाषा अवतीभोवती बोलली जाते तिथे राहून शिकणारा पहिल्या गटात येतो आणि जिथे ती वर्गाबाहेर ऐकू येत नाही तिथे शिकणारा दुसऱ्या गटात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विदेशी भाषा विभागात जपानीचे धडे गिरवणारा आणि जुलैत किंवा डिसेंबरात जपानी भाषा प्राविण्य परीक्षेला बसणारा विद्यार्थी हा जेएफएलचा विद्यार्थी होय. तोच पुढे नोकरीनिमित्त टोकियोच्या एदोगावा विभागात, निशि-कासाईच्या भारतीय वस्तीत राहायला गेला आणि त्याची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाली, तर ती मुलगी जेएसएलची विद्यार्थिनी ठरते. एका घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी, दोन्ही लघुनामे बसलेली असतात.

हा भेद केवळ पंडिती नाही, हे हामामात्सुकडे पाहिल्यावर पटते. १९९० साली जपानने स्थलांतर कायद्यात बदल करून जपानी वंशाच्या परदेशी नागरिकांना दीर्घकाळ राहण्याची आणि काम करण्याची मुभा दिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझील आणि पेरूला गेलेल्या जपानी शेतमजुरांची मुले-नातवंडे मोठ्या संख्येने परत आली आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत लागली. चेहरा जपानी, नाव अर्धे जपानी आणि भाषा पोर्तुगीज, अशी मुले शाळांत येऊन बसली. शिक्षण मंत्रालयाने १९९१ पासून अशा मुलांची गणना सुरू केली. २०२३च्या पाहणीत जपानी भाषेच्या स्वतंत्र अध्यापनाची गरज असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ६९ हजार होती, आणि त्यांत जपानी नागरिकत्व असलेल्या मुलांचाही समावेश होता.

या मुलांची अडचण दिसते त्याहून वेगळी असते. शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळताना ब्राझिलियन मुलाला शब्द अडत नाहीत. ‘पासु’, ‘शूतो’, ‘गोरु’ हे जपानी फुटबॉलचे शब्द त्याच्या पोर्तुगीज शब्दांचे सख्खे भाऊबंद आहेत. सहा महिन्यांत तो वर्गमित्रांशी भांडण्याइतकी जपानी बोलू लागतो. मग गणिताच्या तासाला शिक्षक त्रिकोणाच्या ‘तेइहेन’ची लांबी विचारतात. ‘तेइहेन’ म्हणजे त्रिकोणाचा पाया. हा शब्द मैदानावर, दुकानात किंवा घरात कधीही त्याच्या कानावर पडलेला नसतो. मूल गणितात कच्चे आहे असा निष्कर्ष काढला जातो, वास्तविक ते एका शब्दाशी अडलेले असते. जपानी शिक्षक यासाठी ‘जगण्याची भाषा’ आणि ‘शिकण्याची भाषा’ असा भेद करतात. मंत्रालयाने प्राथमिक शाळांसाठी २००३ साली आणि माध्यमिक शाळांसाठी २००७ साली जो ‘जेएसएल अभ्यासक्रम’ तयार केला, तो या दुसऱ्या भाषेसाठी आहे. त्यात जपानी हा वेगळा विषय म्हणून न शिकवता गणित, विज्ञान, समाजशास्त्र या विषयांच्या आतून शिकवावी अशी अपेक्षा आहे. परदेशात प्रौढांना जपानी शिकवण्यासाठी लिहिलेली, ‘हे पेन आहे’ पासून सुरू होणारी जेएफएलची पुस्तके या मुलांच्या हाती दिली तर दोन वर्षांनी ती रेल्वे स्थानकावर तिकीट छान काढतील, पण त्रिकोणाचा पाया तिथेच राहील. म्हणून इथे मधले अक्षर चुकले की अध्यापनाची पद्धतच चुकते.

याच काळात फुटबॉलमध्येही ब्राझिलियन येत होते, हे इथे नमूद करावेसे वाटते. झिकोंसारख्या खेळाडूंना क्लबने दुभाषे दिले. जपानी क्लबांत दुभाषा हे आजही एक रीतसर पद आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला दुभाषा मिळाला नाही, आणि अभ्यासक्रम मिळायला १९९० नंतर तेरा वर्षे लागली. फुटबॉलचे ‘जेएसएल’ अस्ताला जात होते तेव्हाच शाळेतल्या ‘जेएसएल’ची गरज जन्माला येत होती, आणि दोन्हींच्या मागे औद्योगिक जपानच्या त्याच कंपन्या होत्या.

तिसरा दावेदार: हातांची भाषा

‘जेएसएल’चा आणखी एक अर्थ आहे आणि तो वयाने सर्वांत जुन्या वस्तूचा आहे: ‘जॅपनीज साइन लँग्वेज’, जपानी सांकेतिक भाषा. जपानीत तिला ‘निहोन शुवा’ म्हणतात. तिचा इतिहास १८७८ साली क्योतोमध्ये ताशिरो फुरुकावा यांनी सुरू केलेल्या अंध आणि कर्णबधिरांच्या शाळेपाशी नेला जातो. ती बोलल्या जाणाऱ्या जपानीचे हातांनी केलेले रूपांतर नाही. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे, भुवया, मान आणि तोंडाच्या हालचाली त्या व्याकरणाचा भाग आहेत, आणि तैवान व कोरियातील सांकेतिक भाषांशी तिचे नाते आहे. बोलीतल्या जपानीच्या क्रमाने खुणा करण्याची जी पद्धत आहे तिला वेगळे नाव आहे आणि ती वेगळीच गोष्ट आहे. भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘जेएसएल’ हा संकेत याच भाषेला दिलेला आहे. अक्षरांवर कोणाचा अधिकृत हक्क असेलच, तर तो हिचा.

१९३०च्या दशकापासून जपानी कर्णबधिर शाळांत ओठ वाचून बोलण्यावर भर दिला गेला आणि खुणांना वर्गातून बाहेर काढण्यात आले. कित्येक पिढ्यांनी ही भाषा शिक्षकांची पाठ फिरल्यावर, वसतिगृहात एकमेकांकडून शिकली. २०११ साली दिव्यांगांच्या मूलभूत कायद्यातील दुरुस्तीने सांकेतिक भाषा ही भाषा असल्याचे मान्य केले आणि २०१३ साली तोत्तोरी प्रांताने तिच्यासाठी स्वतंत्र अध्यादेश काढला.

आता ज्या जागी हे प्रकरण खरोखर गुंतागुंतीचे होते ती जागा पाहू. टोकियोच्या शिनागावा विभागात २००८ साली सुरू झालेली मेइसेइ गाकुएन ही कर्णबधिर मुलांची शाळा द्विभाषिक पद्धतीने चालते. तिथे मुलांची पहिली भाषा जपानी सांकेतिक भाषा मानली जाते, आणि लिखित जपानी ही दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते. हे धोरण इंग्रजी लघुनामांत मांडायचे ठरवले, तर वाक्य असे होईल: ‘या शाळेत जेएसएल ही पहिली भाषा असून जेएसएलचे अध्यापनही केले जाते.’ दोन्ही ठिकाणी लघुनाम बरोबर आहे आणि वाक्य निरर्थक आहे. शेजारचा शब्द, वाक्याचा संदर्भ, लेखाचा विषय यांपैकी काहीही इथे वाचवत नाही, कारण दोन्ही अर्थ भाषेचे, दोन्ही शाळेचे, दोन्ही मुलांचे आणि दोन्ही जपानचेच आहेत. त्यामुळे या क्षेत्रात इंग्रजीत लिहिणारे जाणकार एक लघुनाम निवडतात, बहुधा सांकेतिक भाषेसाठी राखतात, आणि दुसरे पूर्ण शब्दांत लिहितात.

या तिसऱ्या अर्थाची आणि फुटबॉलची एकदा गाठ पडली, तीही कोणाची गल्लत न होता. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये कर्णबधिर खेळाडूंची डेफलिंपिक्स ही जागतिक स्पर्धा टोकियोत झाली आणि तिचे फुटबॉलचे सामने फुकुशिमातील जे-व्हिलेज या राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षण केंद्रावर खेळवण्यात आले. या सामन्यांत पंच शिट्टीच्या जोडीला निशाण हलवतात, कारण शिट्टी खेळाडूंपर्यंत पोहोचत नाही.

एक पाठ्यपुस्तक आणि त्याची लिपी

चौथा अर्थ थोडक्यात सांगण्यासारखा आहे, पण सोडण्यासारखा नाही. एलेनॉर जॉर्डन यांनी मारी नोदा यांच्यासह लिहिलेले ‘जॅपनीज: द स्पोकन लँग्वेज’ हे पाठ्यपुस्तक १९८७ पासून अमेरिकेतील विद्यापीठांत वापरात आले आणि त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला, तसेच त्यात वापरलेल्या रोमन लेखनपद्धतीला, ‘जेएसएल’ म्हणू लागले. ही पद्धत जपानी ध्वनिव्यवस्थेला प्रमाण मानते, इंग्रजी वाचकाच्या सवयीला मानत नाही. त्यामुळे ‘हिताची’ हे नाव त्यात रोमन अक्षरांनी ‘हिताती’, ‘मित्सुबिशी’ हे ‘मितुबिसी’ आणि ‘फुरुकावा’ हे ‘हुरुकावा’ असे लिहिले जाते. उच्चार नेहमीचाच राहतो. फुटबॉलच्या जेएसएलमधील संघांची नावे लेखनपद्धतीच्या जेएसएलमध्ये लिहिली, तर जपानी फुटबॉलचा मुरलेला चाहताही ती ओळखणार नाही. गंमत याच्याही पुढे आहे: या पद्धतीत ‘जे’ हे अक्षरच वापरत नाहीत, ‘एफ’ वापरत नाहीत आणि ‘एल’ही वापरत नाहीत. ‘जापान फुत्तोबोरु रीगु’ हे नाव तिच्या नियमांनी लिहिल्यास आद्याक्षरे ‘झेड’, ‘एच’ आणि ‘आर’ अशी येतील.

अक्षरे जुळतात का

वरील उदाहरणात या जुळणीचे कारण दडलेले आहे. तीन अक्षरांपैकी पहिले अक्षर देशाचे किंवा भाषेचे आहे, आणि इंग्रजीत दोन्हींची सुरुवात ‘जे’ने होते. शेवटचे अक्षर ‘लीग’चे किंवा ‘लँग्वेज’चे, आणि तेही एकच आहे. दोन्ही टोके बांधलेली असताना वेगळेपण दाखवण्याची सगळी जबाबदारी मधल्या अक्षरावर येते. फुटबॉलला इंग्रजीत दोनच नावे आहेत, आणि त्यांची आद्याक्षरे ‘एस’ व ‘एफ’. न-मातृभाषेला भाषाशिक्षणात दोन प्रचलित विशेषणे आहेत, आणि त्यांचीही आद्याक्षरे तीच. हा निव्वळ योगायोग असला तरी त्याला जागा इंग्रजीने करून दिली. जपानी संस्था जेव्हा स्वतःच्या भाषेतून आद्याक्षरे घेतात तेव्हा ती ‘निहोन’ किंवा ‘निप्पोन’च्या ‘एन’ने सुरू होतात, जसे एनएचके हे नभोवाणी महामंडळ किंवा एनपीबी ही व्यावसायिक बेसबॉलची संस्था. फुटबॉलच्या लोकांनी मात्र नेहमी ‘जे’ घेतला. जपान फुटबॉल असोसिएशनचे लघुनामही ‘जेएफए’ असेच आहे, आणि तिच्या इंग्रजी नावात ‘फुटबॉल’ असले तरी जपानी नावात १९७४ पासून ‘साक्का’, म्हणजे सॉकर, हाच शब्द आहे.

जपानी मजकुरात ही लघुनामे रोमन अक्षरांतच येतात, तरी गोंधळ क्वचितच होतो, कारण भाषेच्या अर्थी ती एकटी फिरत नाहीत. शाळेच्या संदर्भात ‘जेएसएल अभ्यासक्रम’ किंवा ‘जेएसएल विद्यार्थी’ असेच लिहितात, आणि सांकेतिक भाषेसाठी लघुनाम न वापरता सरळ ‘निहोन शुवा’ म्हणतात. एकटे ‘जेएफएल’ दिसले की ते फुटबॉलचे. महाराष्ट्रात ‘एस.टी.’ या दोन अक्षरांचे असेच चालते: ‘एस.टी.ने आलो’ म्हटल्यावर राज्य परिवहनाची बस आणि ‘एस.टी. प्रवर्ग’ म्हटल्यावर अनुसूचित जमाती, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. अर्थ इतके दूर आहेत की शेजारचा शब्द पुरतो. फुटबॉल आणि भाषा यांचे तसेच आहे. जिथे शेजारचा शब्दही दोन्ही अर्थांना सारखाच लागू पडतो, तिथे मात्र ही सोय संपते. जुनी आणि नवी जेएफएल, द्वितीय भाषा आणि सांकेतिक भाषा, आणि भाषाशिक्षणातले ‘एस’ व ‘एफ’ ही या प्रकरणातील तीन उदाहरणे आहेत.

मराठीत लिहिताना

मराठीत जपानविषयी लिहिणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि त्यांतले बरेच जण इंग्रजी स्रोतांवरून लिहितात, त्यामुळे हा घोळ आयता आपल्याकडे येतो. भाषेसंबंधी लिहिताना यावर उपाय सोपा आहे. ‘द्वितीय भाषा’, ‘परकीय भाषा’ आणि ‘सांकेतिक भाषा’ हे तिन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत आणि एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत, तेव्हा लघुनामाची गरजच पडत नाही. ते इंग्रजी सवयीने वापरले जाते एवढेच. अपवाद एकच, ‘जेएसएल अभ्यासक्रम’ हे विशेषनाम, आणि ते पहिल्या उल्लेखात उलगडून दिले की पुरते.

फुटबॉलसाठी लघुनाम टाळता येत नाही, कारण क्लबांच्या इतिहासात ते पानोपानी येते. तिथे वर्ष लिहिणे हाच उपाय आहे. ‘योकोहामा एफसीने १९९९ आणि २००० साली जेएफएल जिंकली’ हे वाक्य पुरेसे आहे, कारण १९९९ हे वर्ष पाहताच ती नवी, तिसऱ्या स्तरावरची स्पर्धा होती हे ठरते. योकोहामा फ्ल्युगेल्स हा क्लब दुसऱ्या क्लबात विलीन केल्याच्या निषेधार्थ चाहत्यांनी उभा केलेला हा संघ तिथूनच वर चढला. वर्ष काढून टाकले, तर तो संघ जुन्या जेएफएलमध्ये म्हणजे दुसऱ्या स्तरावर जन्मला असे वाटेल. होंडा एफसीच्या बाबतीत तर एकाच परिच्छेदात जेएसएल, जुनी जेएफएल आणि नवी जेएफएल अशी तिन्ही नावे येतात. तिथे ‘जपान सॉकर लीग (१९६५–१९९२)’, ‘जुनी जेएफएल (१९९२–१९९८)’ आणि ‘जेएफएल (१९९९ पासून)’ असे लिहावे, आणि प्रत्येक विजेतेपदापुढे त्या वर्षी ती स्पर्धा कितव्या स्तरावर होती ते नोंदवावे.